हिरवी पट्टी

परशुरामभाऊ बेहेऱ्यांची गोष्ट सांगायची तर त्यांच्या खोडीपासूनच सुरुवात करायला हवी. रत्नागिरीत खालच्या आळीत कोणालाही विचारा, माणूस सोन्यासारखा, पण कुठलं काम सरळ म्हणून करायचं नाही. दिव्याचं बटण बिघडलं तर चारचौघं बटण बदलतात. भाऊ सगळी वायरिंग उकलून बसायचे आणि घर कंदिलावर. जन्मभर कॉलेजच्या पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत सहायक होते, तिथेच हा रोग लागला असावा. "करायचं तर नीट करायचं, नाहीतर हात लावू नये," हे त्यांचं पालुपद. त्यावर वासंतीवहिनी म्हणायच्या, "तुमचं नीट होईतो आमचं आयुष्य सरायचं." आणि चहाचा कप ठक्कन पुढ्यात ठेवायच्या.

भाऊंना नाद आवाजाचा. कॅसेटच्या जमान्यात आळीतल्या मुंजी, लग्नं, गणपतीतली कीर्तनं सगळी त्यांनीच टेप केलेली. माइकची पिन इकडे, स्पीकरची पिन तिकडे. पिना खुपसताना त्यांचा चेहरा सोवळ्यात पूजा करणाऱ्यासारखा व्हायचा. कॅसेटी गेल्या, लोक फोनवर रेकॉर्ड करायला लागले, आणि भाऊंना कोणी बोलावीना. मग निवृत्तीनंतर त्यांनी सुटे भाग आणून घरीच एक कॉम्प्युटर जोडला, त्यावर लिनक्स घातलं, आणि माजघराच्या कोपऱ्यात स्वतःचा स्टुडिओ म्हणून जे काही थाटलं, त्याला वहिनी 'अडगळ' म्हणायच्या.

आता वहिनींचं. वहिनींचं नाव होतं पाळण्यांसाठी. आळीत कुणाकडे बारसं निघालं की बाळाच्या बापाआधी वहिनींना निरोप जायचा. आणि वहिनी छापील पाळणा म्हणायच्या नाहीत हो. प्रत्येक मुलाला नवा पाळणा, त्याच्या आज्या-पणज्यांची नावं, घरामागचा फणस, बाळंतिणीचे डोहाळे, सगळं त्यात गुंफलेलं. कागदावर एक अक्षर नाही. काम करता करता मनात जुळवायच्या आणि बाराव्या दिवशी दोरी हातात घेतली की गळ्यातून सरळ बाहेर. त्यांचे दोन नियम होते. रिकामा पाळणा हलवायचा नाही, आणि पाळणा आधी बाळाच्या कानी पडायचा, मग जगाच्या. म्हणून आधी कुणाला म्हणून दाखवणं नाही, तालीम नाही. एकदा शेजारणीने फार गळ घातली, तेव्हा म्हणाल्या, "देवाला दाखवायच्या आधी नैवेद्य चाखत्येस का गो?"

त्या बाईचा आवाज बसला. पावसाळा सरला तशी घशात खरखर सुरू झाली. ज्येष्ठमध झालं, अडुळसा झाला, मिठाच्या गुळण्या झाल्या. सर्दी सर्दी म्हणत दिवाळी काढली. शेवटी इथल्या डॉक्टरांनी मुंबईला धाडलं, आणि तिथल्या डॉक्टरांनी कागद बघून सांगितलं की गाठ वाईट आहे, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल. आवाज राहणार नाही.

भाऊ तेच कागद उलटसुलट करून बघू लागले. वहिनींनी मात्र शांतपणे विचारलं, "बारशापर्यंत थांबता येईल का?"

कारण मनू, म्हणजे त्यांची एकुलती एक लेक मनस्विनी, माहेरी बाळंतपणाला आलेली. सातवा सरत आलेला. आळीभरच्या पोरांना पाळणे म्हटले, आणि स्वतःच्या नातवंडाची पाळी आली तेव्हा गळाच जायचा! दैव देतं नि कर्म नेतं म्हणतात ते असं. डॉक्टर म्हणाले, इतकं थांबता यायचं नाही, तारीख देतो त्या दिवशी या.

गाडीत परतताना संगमेश्वर गेल्यावर भाऊ म्हणाले, "तू पाळणा म्हण. मी टेप करतो. बारशाला लावू. असा नीट करतो की तू तिथे बसून म्हणत्येस असं वाटेल."

वहिनींनी त्यांच्याकडे बघितलं. त्या वेळी त्यांच्या डोळ्यांत काय होतं ते भाऊंना अजून आठवतं. विश्वास होता.

झालं. भाऊंच्या अंगात संचारलं. माजघराच्या भिंतींना गोधड्या टांगल्या, आवाज घुमू नये म्हणून. आढ्याच्या पाळण्याच्या कड्या कुरकुरत होत्या, त्यांना खोबरेल लावलं. वहिनींना गाताना तंबोऱ्याचा सूर लागायचा. जुनी सूरपेटी घुरघुरायची, ती माइकमध्ये शिरली असती. म्हणून तंबोराही कॉम्प्युटरमधूनच वाजवायचा, आणि तो फक्त वहिनींच्या कानावरच्या हेडफोनमध्ये ऐकू यायचा, असं ठरलं. इथे गाडं अडलं. आवाज कापायचा-जोडायचा जो प्रोग्राम होता, तो एकटा असला की गुणी. त्याच्या जोडीला तंबोरा वाजवायला घेतला की दोघं एकाच माइक-स्पीकरवरून भांडायचे. एक बोलला की दुसरा मुका. त्यावर इलाज म्हणजे साउंड सर्व्हर. हा कोण, तर बागेत शिंपणाच्या वेळी पाटाचं पाणी कुठल्या आळ्यात सोडायचं ते ठरवणारा गडी असतो ना, तसा. माइकचा आवाज इकडे, तंबोऱ्याचा तिकडे, सगळे त्याच्या हुकमात. पण या गड्याचं आणि त्या प्रोग्रामचं काही केल्या जमेना. कधी माइकच सापडेना. कधी आवाज यायचा तो तडतडत, फोडणीत मोहरी पडावी तसा. भाऊ सकाळी बसायचे ते जेवणाला हाका मारेपर्यंत. इंटरनेटवरच्या परक्या लोकांचे सल्ले वाचायचे, करून बघायचे, शिव्या घालायचे.

मनू म्हणाली, "बाबा, माझ्या फोनवर घेऊया ना. आजकाल फोनवर छान येतं."

"फोनवर!" भाऊ कडाडले. "माझ्या नातवंडाचा पाळणा म्हणजे काय रिंगटोन आहे?"

आणि तोवर वहिनींनी बोलायचं नाही. हा भाऊंचाच हुकूम. डॉक्टर एवढंच म्हणाले होते की घशाला ताण देऊ नका. भाऊंनी त्याचं पक्कं मौन करून टाकलं. आवाज फार थोडा उरलाय, तो पाळण्यासाठी राखायचा; ऊठसूट खर्च करायचा नाही. वहिनी काही सांगायला तोंड उघडायच्या आणि कोपऱ्यातून भाऊ बोट ओठांवर ठेवायचे. त्या मग हातातली पळी ताटलीवर वाजवायच्या आणि खुणेने सांगायच्या. एका दुपारी मनूच्या पाठीला तेल लावताना त्या काहीतरी हलकेच सांगू लागल्या, स्वतःच्या बाळंतपणातलं. भाऊ माजघरातून ओरडले, "वासंती, घसा!" वहिनी गप्प झाल्या. तेल लावत राहिल्या.

मुंबईला निघायची वेळ आली आणि शेवटी एकदाचं भाऊंचं जमलं. पडद्यावर एक खिडकी होती, तिच्यात डाव्या बाजूला जिथून आवाज निघतो ती नावं, उजव्या बाजूला जिथे जायचा ती. मध्ये भाऊंनी माउसने वायरी ओढल्या: माइक या प्रोग्रामला, तंबोरा हेडफोनला. अगदी पिना खुपसल्यासारखं. भाऊंचे डोळे भरून आले. किती वर्षांनी पिना खुपसायला मिळाल्या.

निघायच्या आदल्या सकाळी बेत झाला. फ्रिज बंद, पंखा बंद, शेजाऱ्यांचा पंप बंद. मनूला शेजारी धाडलं, कारण पाळणा आधी बाळाच्या कानी, आणि पोटातल्याला मोजायचं की नाही यावर वहिनींना वाद नको होता. फोनमुळे माइकमध्ये गुरगुर येते म्हणून भाऊंनी तिचा फोनही तिच्याबरोबर घालवला आणि स्वतःचा बंद करून कपाटात ठेवला. वहिनींनी इरकली लुगडं नेसलं होतं. रिकामा पाळणा हलवायचा नाही, म्हणून वरवंटा धुऊन, हळदकुंकू लावून, मनूच्या लहानपणच्या कुंचीत गुंडाळून पाळण्यात निजवला.

"आधी दोन शब्द बोल," भाऊ म्हणाले. "चाचणी."

कितीतरी दिवसांनी वहिनींनी तोंड उघडलं. आवाज घोगरा होता, पण आवाज होता. माइककडे बघून म्हणाल्या, "येतंय का हो ऐकू? येत नसलं तर आत्ता सांगा. मागाहून 'परत म्हण' म्हणाल, तर मी कुठली म्हणत्ये!"

भाऊंनी थांबवलं, हेडफोन लावून ऐकलं. लख्ख आला होता. श्वाससुद्धा. "वा!" म्हणाले. ती चाचणी बाजूला ठेवली, हेडफोन वहिनींच्या कानावर चढवला, तंबोरा सुरू केला आणि लाल बटण दाबलं.

इथेच घात झाला. खरी पिन एकदा खुपसली की उपटेपर्यंत जागची हलत नाही, हे भाऊंच्या हाडीमाशी खिळलेलं. पण पडद्यावरच्या पिना तशा नव्हत्या. त्या प्रोग्रामची रीतच अशी की थांबवला की तो आपल्या सगळ्या वायरी उपटून घ्यायचा, आणि पुन्हा सुरू केला की त्याच्या स्वतःच्या यादीत जे नाव निवडलेलं असेल तिथे जाऊन चिकटायचा. त्या यादीत नाव होतं तंबोऱ्याचं. आदल्या कुठल्याशा प्रयोगात भाऊंनीच निवडलेलं. तडतड आली की भाऊ सगळंच बंद करून पुन्हा पहिल्यापासून वायरी ओढायचे, म्हणून थांबवून लगेच पुन्हा सुरू करायची पाळीच कधी आली नव्हती. आंधळं दळत होतं आणि कुत्रं पीठ खात होतं.

वहिनींनी दोरी धरली आणि पाळणा म्हटला. पहिल्या दिवसापासून बाराव्यापर्यंत, सगळा.

आणि भाऊ काय करत होते? पडद्यावर एक हिरवी पट्टी असते, आवाज आला की पुढेमागे हलते. ती लाल होता कामा नये, नाहीतर आवाज फाटतो. भाऊ त्या पट्टीवर डोळा ठेवून होते. पट्टी हलत होती. एक तार वाजली की पुढे, विरली की मागे. छान चाललंय, छान चाललंय, असं ते मनात म्हणत होते. मधे एकदा वहिनींचा सूर कापला, तेव्हा ते घाबरून आणखीच पुढे वाकले, पट्टीकडे.

पाळणा संपला. वहिनींनी हेडफोन उतरवला, वरवंट्याला पाळण्यातून काढून मांडीवर घेतलं आणि बसून राहिल्या. काही बोलायला गेल्या तर नुसता वारा. होता तेवढा आवाज त्यांनी पाळण्याला देऊन टाकला होता. भाऊंनी लांबच लांब लाटांची फीत पडद्यावर बघितली, सेव्ह केली, पेन ड्राइव्हवर घेतली, आणि आणखी एकावर घेतली. ऐकून बघायला हात गेला होता. वहिनींनी तो धरला. मान हलवली. आधी बाळाच्या कानी.

भाऊंनी दोन्ही पेन ड्राइव्ह रेशमी फडक्यात बांधून देव्हाऱ्यात ठेवले.

मुंबईचं लांबण नको. गाठ निघाली, पुढच्या उपचारांत दोनेक महिने गेले, जीव वाचला. गळ्याला भोक राहिलं, त्यावर जाळीचं फडकं. इकडे मनू मोकळी झाली, मुलगी झाली. भाऊंच्या बहिणीने, दमयंतीने, वेळणेश्वराहून येऊन बाळंतीण सांभाळली. बारशाला वेळ लागला, वहिनी घरी येईपर्यंत थांबले सगळे.

बारशाला आळी लोटली. बायकांना ठाऊक होतं की वहिनींचा पाळणा आज लागणार आहे, म्हणून नेहमी घुगऱ्या घेऊन पळणाऱ्यासुद्धा बसून होत्या. भाऊंनी दोन मोठे स्पीकर माजघरात मांडले होते, पांढरंशुभ्र धोतर नेसले होते, आणि लग्नातल्या नवऱ्यामुलासारखे उगाच इकडून तिकडे करत होते. वहिनी पाळण्याजवळ खुर्चीत. बाळाला पाळण्यात घातलं. मुलीचं नाव ठेवलं सानवी, बाळाच्या आत्याने, मनूच्या नणंदेने, कानात सांगितलं. मग दमयंती म्हणाली, "दादा, लाव रे."

भाऊंनी लावलं. तंबोरा सुरू झाला. गोड, भरदार. बायका सरसावून बसल्या. वहिनींनी दोरी हातात घेतली. तंबोरा वाजत राहिला. सुरुवातीला सूर धरायला वेळ घेतलान असेल, भाऊ मनाशी म्हणाले. तंबोरा वाजत राहिला. कोणीतरी खोकलं. भाऊंनी थोडं पुढे सरकवलं. तंबोरा. आणखी पुढे. तंबोराच. शेवटाकडे नेलं, तिथेही तंबोरा. दुसरा पेन ड्राइव्ह त्यांनी आधी उलटाच खुपसला, मग सुलटा. त्यातही तेच. असणारच, त्याची नक्कलच ती.

"अगो बाई," एक म्हातारी पुटपुटली.

वहिनींना सगळ्यांच्या आधी कळलं. त्या उठल्या नाहीत. दोरी ओढत राहिल्या आणि त्यांचे ओठ हलू लागले. त्या पाळणा म्हणत होत्या, पहिल्या दिवसापासून. गळ्याच्या फडक्यातून श्वास तेवढा फस्‌फस् येत होता. तंबोरा बंद करायचं भाऊंना सुचलं नाही, आणि त्या आवाजात तो श्वासही पुढे ऐकू येईना. बायका खाली माना घालून बसल्या. मनू हुंदका देऊन आतल्या खोलीत गेली.

पाहुणे फार थांबले नाहीत. घुगऱ्या वाटल्या गेल्या, पण चवीने खाल्ल्या नाहीत कोणी. दुपारी मनू बाहेर आली ती भाऊंसमोर उभी राहिली. ती आवाज चढवणारी मुलगी नव्हे. "बाबा, पंधरवडाभर तुम्ही तिला बोलू दिलं नाहीत," ती म्हणाली. "मला आईला विचारायचं होतं. कळा कशा येतात, भीती वाटली होती का तिला. ती सांगायला लागली की तुम्ही 'घसा!' तिचे शेवटचे सगळे शब्द तुम्ही त्या पेटीसाठी राखलेत. आणि पेटीत काय निघालं?"

भाऊ पेन ड्राइव्हचं रेशमी फडकं घडी करू लागले.

"बरं, तुम्ही तरी समोर होतात ना? सांगा. काय होतं पाळण्यात? शब्द आई एक वेळ लिहून देईल, पण चाल कशी होती? थोडी तरी म्हणा, मी शिकेन, मी म्हणेन सानूला."

भाऊंनी तोंड उघडलं. त्यांनी सगळा जोर लावून ती सकाळ आठवली. गोधड्या आठवल्या, कुंचीतला वरवंटा आठवला. वहिनींचं लुगडं आठवलं. पाळणा आठवेना. एक ओळ आठवेना. डोळ्यांपुढे हलत होती ती हिरवी पट्टी.

"मी... मी पट्टीकडे बघत होतो गो, मनू," ते म्हणाले आणि पोरासारखे रडायला लागले. जन्मभर दुसऱ्यांचे आवाज टेप करणारा माणूस, स्वतःच्या बायकोचा पाळणा हाताच्या अंतरावर चालू असताना त्याने तो ऐकलाच नव्हता. मनूला त्यांची कीव आली की राग आला ते तिलाही कळलं नसेल. बाळ रडलं म्हणून ती आत गेली.

वहिनी माजघरातच बसलेल्या, पाळण्याच्या दोरीचं टोक अजून हातात. भाऊ जाऊन कॉम्प्युटरपुढे बसले. काही सापडेल म्हणून नव्हे. दुसरीकडे कुठे जाऊन बसायचं ते कळेना म्हणून. एकेक फाइल उघडत होते. तडतड, तंबोरा, तडतड. तेवढ्यात ती बाजूला ठेवलेली चाचणी हाती लागली. स्पीकर बारशापासून तसेच मोठ्याने चालू होते, ते भाऊंच्या ध्यानात नव्हतं.

"येतंय का हो ऐकू? येत नसलं तर आत्ता सांगा. मागाहून 'परत म्हण' म्हणाल, तर मी कुठली म्हणत्ये!"

घरभर आवाज गेला. आतून मनू बाळाला घेऊन धावत आली, "आई?" म्हणत. दमयंती ओले हात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली. आणि वहिनींकडे बघून दोघी तिथेच थबकल्या. वहिनी भिंतीवर अजून टांगलेल्या गोधडीकडे बघत होत्या. हात त्यांनी गळ्याच्या फडक्यावर ठेवला होता.

मग त्यांनी दोरीचं टोक सोडलं आणि बोटाने खूण केली. परत.

भाऊंनी परत लावलं. येतंय का हो ऐकू, वहिनींनी त्या भरल्या घरात पुन्हा विचारलं. येत नसलं तर आत्ता सांगा.

"नाही गो येत," भाऊ पडद्याकडे बघून म्हणाले. "वासंती, नाही येत ऐकू. थांब जरा. म्हणू नकोस एवढ्यात."